आईला मधुमेह नाही, तरी मेटफॉर्मिन द्यावी का?

ताई, आईंच्या स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपलेत, साखर नॉर्मल आहे, आणि 'मधुमेहाची स्वस्त गोळी कॅन्सरच्या पेशीला उपाशी मारते' हा मेसेज वाचून तुम्ही विचारताय. स्वतःहून सुरू करू नका.

मेसेज अगदीच हवेतला नाही, बरं का. पेशीत एएमपीके नावाचं प्रथिन असतं. एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, कमी पडलं की ते जागं होतं आणि महिनाअखेरीला घरातली आजी करते तसं नवा खर्च बंद करतं. वाढीचा हुकूम सोडणाऱ्या एमटॉरलाही गप्प बसवतं. मेटफॉर्मिनमुळे पेशीतलं इंधन बनणं मंदावतं, म्हणून एएमपीके उठतं.

गोम डोसमध्ये आहे. प्रयोगशाळेतल्या पेशींवर जेवढं मेटफॉर्मिन ओततात, ते गोळी घेणाऱ्याच्या रक्तात असतं त्याच्या कित्येक पट, बऱ्याचदा शेकडो पट. शिवाय आजीच्या काटकसरीने घर तगतंही. उपासमारीत तग धरायला हेच एएमपीके कर्करोगाच्या पेशीलाही मदत करू शकतं.

मग 'मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही जास्त जगले' हे अभ्यास? त्यातल्या बऱ्याच अभ्यासांत हिशेबाची चूक होती. ज्याने चार वर्षं गोळी घेतली, तो चार वर्षं जगला हे आधीच ठरलेलं. ते श्रेय गोळीला गेलं. खरी कसोटी कॅनडाच्या पुढाकाराने झालेल्या एमए.३२ चाचणीत लागली. स्तनाचा कर्करोग झालेले, मधुमेह नसलेले 3649 रुग्ण, 850 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, 5 वर्षं. 2022 मध्ये निकाल आला: मुख्य गटांत रोग उलटण्याच्या बाबतीत मेटफॉर्मिन आणि नकली गोळीत फरक नाही. मीही या गोळीवर आशा ठेवून होतो, वर्गात कौतुकाने शिकवायचो. तो धडा बदलावा लागला.

ही वाट मात्र बंद नाही. थेट एमटॉरला अडवणारं एव्हरोलिमस 2012 पासून अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाच्या एका प्रकारात, आजार पसरल्यावर, दुसऱ्या गोळीच्या जोडीने देतात. रोग काही महिने थोपतो. तोंड येतं, फुप्फुसाला सूज येऊ शकते आणि, गंमत बघा, रक्तातली साखर वाढते! आईंचा आजार पसरलेला नाही, त्यामुळे या औषधाचा त्यांच्यासाठी प्रश्नच नाही.

दोन-चार गोळ्या देऊन झाल्या असतील तर लपवू नका. सीटी स्कॅनला शिरेतून औषध टोचण्याआधी मेटफॉर्मिनबद्दल विचारतात, तेव्हा सांगून टाका.