बसवायचे ते शिवार कोणाचे?

नंदुरबार

चि. मित्रास,
अनेक आशीर्वाद.

परकीय कर्जावर चालणाऱ्या पुनर्वसन योजनेच्या पाहणीचे काम तू स्वीकारलेस, हे वाचून समाधान वाटले. तुझी प्रश्नावली वाचली. तीत उठणाऱ्या कुटुंबांविषयी पुष्कळ विचारले आहे. पण ज्या शिवारात त्यांना बसवायचे, तिथे आज कोण कसतो, कोणाची गुरे चरतात, याविषयी एकही प्रश्न नाही. सुरुवात तिथूनच कर, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

१९८५ मध्ये जागतिक बँकेने सरदार सरोवरासाठी ४५ कोटी डॉलर मंजूर केले. आपल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे बुडितात धरली गेली आणि विस्थापितांना जमीन देण्यासाठी तळोद्याचे सुमारे ४,२०० हेक्टर जंगल मोकळे करण्याचे ठरले. नर्मदाकाठचेही आदिवासी आणि तळोद्याचेही आदिवासी. पण त्या जंगलात नेवाड, म्हणजे वनजमिनीवरची शेती, कसणाऱ्यांच्या नावे सातबारा नव्हता, म्हणून कागदावर जमीन रिकामी दिसली आणि एका गरिबाला वसवताना दुसऱ्याच्या तोंडचा घास काढला गेला.

बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ मध्ये पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्हींतल्या त्रुटी मांडल्या, मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेले कर्ज नाकारले, आणि त्याच वर्षी बँकेने प्रकल्पग्रस्तांच्या तक्रारी तपासणारे स्वतंत्र तपासणी मंडळ स्थापले. तरीही १९९९ मध्ये चीनच्या छिंगहाई प्रांतातले सुमारे ५८,००० गरीब शेतकरी दुलान भागात, तिबेटी आणि मंगोल पशुपालकांच्या मुलखात, हलवण्याची योजना बँकेपुढे आली. पर्यावरणाच्या दृष्टीने प्रकल्पाला कमी धोक्याच्या वर्गात टाकल्याने पुरेसा अभ्यास झाला नव्हता, असे तपासणी मंडळाने दाखवले. जुलै २००० मध्ये चीनने बँकेचा पैसा सोडला आणि काम स्वतःच्या खर्चाने करायचे ठरवले. बँक बाहेर पडली की तिचे नियम आणि तक्रारीची जागाही जाते, प्रकल्प मात्र राहतो. म्हणून तुझ्या नोंदी बँकेइतक्याच ग्रामसभेच्याही हाती असायला हव्यात.

वसाहतीत गेलास की चूल आधी बघ. नदीकाठी सरपण, मोहाची फुले, मासे यांना पैसे पडत नव्हते; सपाटीवर मोळीसाठी बाईला शेजारच्या गावच्या हद्दीत जावे लागते आणि तिथे बोलणी खावी लागतात. भरपाईच्या तक्त्यात याला रकाना नसतो, तो तू पाड. दोन्हीकडच्या बायकांच्या बैठका वेगवेगळ्या घे, लिहिलेले पावरी-भिलीत वाचून दाखव, आणि त्यांनी दुरुस्त केलेला मसुदा मला पाठव.

तुझा,
एक हितचिंतक