कुंपणाची कामिनी शेंड्याकडून वाळतेय? फवारणीआधी साल खरवडून पाहा

प्रश्न : वरुड तालुक्यातल्या एका शेतकरी ताईंनी फोटो पाठवून विचारले आहे : घराच्या कुंपणाला सहा वर्षांची कामिनी आणि फाटकापाशी चार मोरपंखी आहेत. पावसाळा संपल्यापासून कामिनीच्या काड्या शेंड्याकडून वाळत आहेत आणि मोरपंखी आतून तपकिरी झाली आहे. दुकानातून आणलेले बुरशीनाशक दोनदा फवारले, फरक पडला नाही. कुंपणापलीकडे संत्र्याची बाग आहे, तिला धोका आहे का?

उत्तर : ताई, तिसरी फवारणी करू नका. फांदी वाळली की आपण वर पाहतो आणि पंप उचलतो. सदाहरित झाडांत दुखणे बऱ्याचदा मुळाशी असते, पानांवर ते उशिरा दिसते. त्यामुळे पावसाळ्यात बिघडलेले झाड ऑक्टोबरच्या उन्हात वाळायला लागते.

मोरपंखीचे आधी सांगतो, कारण तिथे बहुधा काळजीचे काही नाही. आतली जुनी पालवी सगळीकडून सारखी तपकिरी होऊन गळत असेल आणि बाहेरचे शेंडे हिरवेगार असतील, तर ती नैसर्गिक पानगळ आहे. हाताने झटकून काढा. मात्र बाहेरची पालवीही फिकट, धुरकट दिसत असेल तर फांदीखाली पांढरा कागद धरून दोन टिचक्या मारा. ठिपके चालायला लागले तर ते कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारी बारीक कीड आहे. पाण्याचा जोरदार फवारा आठवड्यातून दोनदा आतपर्यंत मारा, धूळ आणि कोळी दोन्ही धुऊन जातात. एक लक्षात ठेवा : मोरपंखीच्या जुन्या उघड्या लाकडाला पुन्हा फूट येत नाही, म्हणून ती खोलवर छाटू नका.

आता कामिनी. वाळक्या काडीची साल शेंड्यापासून खाली नखाने किंवा चाकूने खरवडत या. जिथे आत ओला हिरवा रंग लागतो, तिथपर्यंत झाड जिवंत आहे. पाने झडलेली पण आतून हिरवी असलेली काडी मेलेली नाही, ती कापू नका. मग झाडाच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर वीतभर खोल उकरा. तंतुमुळे पांढरट आणि टणक असतील तर ठीक. ती तपकिरी असतील, चिमटीत ओढल्यावर वरची साल म्यानासारखी निघून आत दोरा उरत असेल, मातीला कुबट वास येत असेल, तर मूळकूज आहे.

तुमच्या फोटोत छपराचे पाणी पडते त्या सखल टोकाची झाडे जास्त वाळलेली आहेत, उंचावरची बरी आहेत. खाली काळी भारी जमीन आहे. माझे मत असे की मुळे पावसाळ्यात गुदमरली आणि काड्यांवरची बुरशी अशक्त झाडावर नंतर चढली. मुळे पाहिल्याशिवाय ते पक्के धरू नका. कुंपणालगत तणनाशक मारले होते का, तेही आठवून पाहा. त्याने एकाच बाजूची पाने करपतात.

मुळे कुजलेली निघाली तर पहिले काम पाण्याचे. छपराचे पाणी दुसरीकडे वळवा, कुंपणाच्या बाहेरच्या बाजूने फूटभर खोल चर काढा, बुंध्याला चढलेली माती मोकळी करा. वरची दोन बोटे माती सुकल्याशिवाय पाणी नको. वाळलेली काडी हिरव्या भागात दोन-तीन इंच खाली घेऊन कापा, प्रत्येक झाडानंतर कात्री स्पिरिटने पुसा आणि काड्या जाळा. जाड कापांवर बोर्डो मलम लावा : 100 ग्रॅम मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि 100 ग्रॅम कळीचा चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत अर्धा-अर्धा लिटर पाण्यात कालवून एकत्र करा. त्यात लोखंडी पाते बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर आला तर आणखी चुना हवा. मलम त्याच दिवशी वापरा. चांगल्या कुजलेल्या शेणखतात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळून मुळांशी द्या, मात्र तिथे तांब्याची औषधे ओतू नका, ट्रायकोडर्मा मरतो. युरिया तर आत्ता अजिबात नको. आजारी मुळांवर कोवळ्या पालवीचा भार पडतो.

संत्र्याबद्दल तुम्ही विचारलेत ते फार बरे झाले. मूळकुजीपेक्षा मला त्याचीच चिंता वाटते. कामिनी, म्हणजे कुंती, संत्र्याच्याच कुळातली. संत्र्यावर ग्रीनिंग (झाड हळूहळू खंगवणारा) रोग पसरवणारी सिट्रस सिला ही कीड कामिनीच्या कोवळ्या फुटीवर आवडीने अंडी घालते, आणि सारखे छाटलेले कुंपण तिला वर्षभर कोवळी फूट पुरवते. कढीपत्त्यावरही ती वाढते. कोवळे शेंडे भिंगाखाली पाहा : पिवळसर चपटी पिल्ले, पांढरे मेणचट धागे आणि मुडपलेली पाने दिसली तर सिला आहे. शेंडा त्यानेही वाळतो. अशा वेळी बागेत सिलासाठी फवारणी कराल त्याच दिवशी कुंपणावरही करा, नाहीतर कीड इथून तिथे परतते. ग्रीनिंग झालेले झाड बरे करणारे औषध नाही.

म्हणून पूर्ण मेलेल्या कामिनीच्या जागी पुन्हा कामिनी लावू नका. मेंदी लावा, पण आधी तिथले पाणी काढा. मुळे पाहूनही निर्णय होत नसेल तर अर्धी हिरवी, अर्धी वाळलेली काडी आणि मूठभर मुळे मातीसकट कागदात गुंडाळून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या. पूर्ण वाळलेल्या काडीवरून मुळात कोणता रोग होता ते ओळखणे अवघड असते.