शंकरपाळ्या का जुळत नाहीत

तुमचा प्रश्न वाचला, फोटोही पाहिला. शनेल या फ्रेंच फॅशन कंपनीच्या ‘२.५५’ नावाच्या बॅगेवरून घेतलेली काळी बॅग, वर शंकरपाळी शिलाई, खांद्याला साखळी. पण बाजूच्या शिवणीवर शंकरपाळ्या मध्येच तुटतात आणि टेबलावर ठेवली की बॅग बसकण मारते. कापड बदलू का, असं विचारलंय. नका बदलू, कापड छान आहे. तुम्ही आधी कापलंत आणि मग टिपा मारल्यात, घोळ तिथे झालाय.

माझ्या पहिल्या बॅगेचं हेच झालं होतं. पुढचा-मागचा भाग नेमक्या मापात कापला, खाली फोम लावला, टिपा मारल्या. फोमवर टीप पडली की कापड त्यात खाली ओढलं जातं आणि दर टिपेला जरासं आखडतं. सगळ्या टिपा होईपर्यंत माझा पुढचा भाग मागच्यापेक्षा बोटभर अरुंद झाला होता. ताणून जोडला. बॅग एका अंगाला कलली ती कललीच.

म्हणून आधी मोठा अखंड तुकडा घ्या, सगळीकडून ४-५ सेंमी जास्त. त्याच्या कडांवर दर ५ सेंमीला खूण करून दोन्ही दिशांनी ४५ अंशात तिरक्या रेघा जोडा, म्हणजे दोन रेघांमध्ये साधारण ३.५ सेंमी अंतर आपोआप पडतं. पहिली टीप मधल्या रेघेवर, मग एक डावीकडे, एक उजवीकडे. सगळ्या टिपा वरून खाली मारा. एक वरून, एक खालून असं केलंत की कापड सरकून लाटा पडतात. फोमच्या खाली मलमलीचा तुकडा हवाच, नाहीतर मशीनचे दाते फोममध्ये रुततात आणि टाका एका जागी अडकून बसतो.

आता कापायचं. इथे टेप बाजूला ठेवा आणि शंकरपाळ्या मोजा. पुढचा भाग आडव्यात ५, उभ्यात ३. मागचाही तेवढाच. बाजू आणि तळ मिळून एकच पट्टी, रुंदीला १ शंकरपाळी आणि लांबीला ३+५+३, म्हणजे ११. कापड आखडून शंकरपाळी पावणेपाच सेंमीची झाली असली तरी बिघडत नाही, कारण सगळीकडे ती तेवढीच आखडलेली असते. शिवण शंकरपाळ्यांच्या टोकांवरून गेली पाहिजे. १ सेंमी माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेलं जास्तीचं कापड, त्या रेघेच्या बाहेर. पुष्कळजणी कापायची कडच टोकांवर आणतात, मग टोकं मायेत गडप होतात. तुमच्या फोटोत तसंही झालेलं दिसतंय.

जोडण्याआधी मायेतला फोम कात्रीने छाटून टाका. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळलं की शिवणी दोरखंडासारख्या जाड होतात. पट्टी कोपऱ्यावर वळते तिथे मायेला टाक्यापर्यंत एक छेद द्या. अस्तर सगळ्यात शेवटी, तयार बॅगेच्या मापाने कापा.

बसकण मारण्याचं कारण वेगळं. फोम फुगीरपणा देतो, ताठपणा नाही. ताठपणासाठी अस्तराच्या मागे कडक बकरम (ताठ केलेलं जाडसर कापड) लावा, तेही माया सोडून कापलेलं. तळाला पातळ प्लॅस्टिकची पट्टी, तिचे कोपरे गोल करून, नाहीतर ते महिनाभरात अस्तर फाडतात.

साखळी ओवायच्या रिंगा नुसत्या कापडात ठोकू नका. साखळी स्वतःच जड असते, त्यात बॅगेचं ओझं. आतून जाड डेनिमचे दोन थर लावून मग ठोका. चुंबकाच्या बटणाखालीही तसाच तुकडा हवा, आणि बटण अस्तर बंद करण्याआधी बसवायचं. (हे मी एकदा विसरले. सगळी बॅग उसवली.)

राहिला पुढच्या कुलपाचा प्रश्न. एकमेकांत अडकलेल्या दोन ‘सी’चं कुलूप लावू नका. ती नोंदलेली खूण आहे, अशी बॅग उद्या कुणाला विकलीत तर ती सरळ नकली मालात जमा. शिवाय मूळ बॅगेवर ते नव्हतंच. कोको शनेल यांनी ती फेब्रुवारी १९५५ मध्ये आणली, नावातले आकडे त्याच महिन्याचे आणि वर्षाचे. तिला साधं चौकोनी फिरवायचं कुलूप होतं. दोन ‘सी’ आले ते १९८० च्या दशकात, शनेलचे तेव्हाचे डिझायनर कार्ल लागरफेल्ड यांच्या काळात. साधं फिरवायचं कुलूप लावलंत तर तुमची बॅग मूळ बॅगेच्या जास्त जवळ जाईल.

घरच्या मशीनवर हे होतं. १६ नंबरची सुई, टाका ३ ते ३.५ मिमी. रिंगांजवळ आणि कोपऱ्यांवर मोटर बंद करून चाक हाताने फिरवा. तरीही सुई अडली तर जोर करू नका, तेवढे चार टाके हातानेच घाला.