नववीची केमिस्ट्री: आधी एवढंच पक्कं कर

अरे घाबरू नकोस, मी दादरला बरीच वर्षं नववी-दहावीच्या ट्युशन घेतोय आणि दरवर्षी पोरं अडकतात ती ह्याच दोन-तीन ठिकाणी.

पहिलं म्हणजे अणू आणि रेणू (अणू जोडून बनतो तो), मूलद्रव्य (एकाच प्रकारचे अणू) आणि संयुग (वेगवेगळ्या मूलद्रव्यांचे अणू जोडलेले). ऑक्सिजन वायूचा रेणू दोन अणूंचा, पण दोन्ही ऑक्सिजनचेच म्हणून ते मूलद्रव्यच, संयुग नाही, इथे खूप जण चुकतात.

मग संयुजा, म्हणजे एक अणू किती बंध जोडू शकतो तो आकडा. सोडियम १, मॅग्नेशियम २, ॲल्युमिनियम ३, क्लोरीन १, ऑक्सिजन २. लोकलमध्ये उभ्या उभ्या पाठ होतात, खरंच कर, कारण सूत्रं ह्याच्यावरच उभी आहेत.

सगळ्यात मोठी चूक समीकरण संतुलित करताना, म्हणजे दोन्ही बाजूंचे अणू सारखे करताना होते. ऑक्सिजन जुळत नाही म्हणून पोरं एच टू ओ चं सरळ एच टू ओ टू करून टाकतात, अरे पण ते पाणी राहिलंच नाही ना, हायड्रोजन पेरॉक्साईड झालं! सूत्राच्या आतल्या आकड्याला हात लावायचा नाही, आकडा सूत्राच्या आधी लिहायचा: हायड्रोजनचे २ रेणू, ऑक्सिजनचा १, पाण्याचे २.

मोल, इलेक्ट्रॉन संरूपण वगैरे आत्ता राहू दे. रोज ५ समीकरणं वहीत सोडव, नुसती वाचू नकोस, आणि अडलास तर बिनधास्त विचार.