रात्री साडेआठची भूक

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझा महिन्याचा हिशोब नीट वाचला. किराणा साडेतीन हजार, भाजी आठशे, आणि बाहेरून मागवलेलं जेवण अठरा वेळा, त्याचे चार हजारांच्या वर. किराणा कुठून घेतला तर स्वस्त पडेल, असं तू विचारलंयस. ते सांगतेच, पण दुकान बदलून फार तर तीन-चारशे सुटतील. खरी गळती त्या अठरा वेळांत आहे. आणि त्यातल्या बहुतेक रात्री घरात तांदूळ, डाळ, कांदे सगळं होतंच की रे!

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतली कामाची पाळी संपवून तू पाथर्डी फाट्याच्या खोलीवर पोचतोस साडेआठला. तेव्हा कांदा चिरण्यापासून सुरुवात करायची म्हटलं की हात मोबाइलकडे जाणारच. माझ्या मेसमध्ये रात्रीची ताटं वेळेवर लागायची, कारण वाटण-चिरण दुपारीच उरकलेलं असायचं. तू एकटा आहेस, तुला रोज दुपारची गरज नाही. रविवारचा तासभर पुरतो.

शनिवारी रात्री पावशेर मटकी भिजव. सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांध. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात, आपल्याकडच्या डिसेंबरात जास्त वेळ लागतो, तेव्हा गाठोडं ओट्यावर न ठेवता बंद डब्यात ठेव. पावशेराची दुपटीहून थोडी जास्तच होते, फ्रिजात तीन-चार दिवस छान राहते. दुसरं वाटण. कांदा उभा चिरून तेलावर चांगला काळपट होईपर्यंत परत, सुकं खोबरं वेगळं भाज, आलं-लसूण आणि काळा मसाला घाल, पाणी अगदी कमी घालून वाट. पाणी जास्त झालं की लवकर आंबतं. हे एक वाटण फ्रिजात ठेवून बेताने वापरलं तर आठवडाभर पुरतं आणि त्यातून मटकीची उसळ, बटाट्याचा रस्सा, शेवभाजी अशा तीन वेगळ्या भाज्या निघतात. शेवभाजीला तर फक्त रस्सा उकळायचा आणि ताट वाढताना शेव टाकायची. तिसरं, शेंगदाण्याचं कूट बरणीभर. एवढं तयार असलं तर साडेआठला आलेल्या माणसाचं जेवण नऊला ताटात येतं. कुकरमध्ये खाली डाळ, वर तांदूळ असे दोन डबे एकदमच लाव, गॅस एकदाच जळतो. आणि ज्या दिवशी हात उचलवत नाही, त्या दिवशी पिठलं-भात. बेसन संपू देऊ नकोस, बाकी काहीही संपलं तरी चालेल.

पोळ्या लाटणं जमत नसेल तर जवळच्या पोळीभाजी केंद्रातून नुसत्या पोळ्या आण. भाजी घरची, पोळ्या विकतच्या, यात कमीपणा कसला? सगळं घरीच करण्याचा हट्ट धरणारी मुलं दुसऱ्या आठवड्यात पुन्हा ऑर्डर करायला लागतात, हे मी खूप पाहिलंय.

आता बाजाराचं. बुधवारी सुट्टी मिळाली तर गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या बाजारात जा, दिवस कलताना. विक्रेत्यांना माल परत न्यायचा नसतो, तेव्हा वाटे मोठे होतात. पण पालेभाजी एका वेळी एकच जुडी घे. स्वस्त म्हणून तीन जुड्या घेऊन दोन पिवळ्या पडल्या तर ती सगळ्यात महाग मेथी. टोमॅटो आपल्याकडे पिंपळगाव, गिरणाऱ्याकडून भरपूर येतो, पण भाव कधी जमिनीवर, कधी आभाळात. महागला की आमटीला चिंच किंवा आमसूल वापर, अडत काही नाही.

कांद्याचं मात्र समजून घे, नाशिकमध्ये राहून फसायला नको. मार्च ते मे निघतो तो उन्हाळ कांदा, तोच चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये टिकतो. पावसाळ्यानंतर येणारा लाल कांदा ओलसर असतो, पंधरा दिवसांच्या वर ठेवू नये. मेमध्ये दहा किलो उन्हाळ घेऊन खोलीत पसरून ठेवलास, पिशवी न बांधता आणि बटाट्यापासून लांब, तर एकट्याला पावसाळ्याचे पहिले दोन-तीन महिने निघतात. आठवड्यातून एकदा चाळून घे, एक सडका बाकीचे नासवतो.

तांदूळ जुना माग. घोटी-इगतपुरीकडचा नवा इंद्रायणी चवीला लाजवाब, पण गिचका होतो. जुना जास्त फुगतो, ताट भरतं, म्हणून मेसवाले जुनाच घेतात. इंद्रायणी सणावाराला आण. तूर महाग वाटली तर निम्मी तूर, निम्मी मसूर कर, फोडणी नीट असेल तर कुणाला कळत नाही. बाजरी आठवड्यापुरतीच दळून घे, तिचं पीठ लवकर कडवट होतं. गव्हाचं पीठ जास्त दिवस टिकतं.

पाकिटावर छापलेल्या किमतीशेजारी ग्रॅमला किंवा किलोला किती पडतात तेही लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात. ते वाचायची सवय लाव. तेलाची पिशवी विशेष तपास. लिटरभर तेलाचं वजन 910 ग्रॅमच्या आसपास असतं, पण तशाच दिसणाऱ्या पिशव्या 800, 850 ग्रॅमच्याही मिळतात, आणि आपण लिटर समजून भाव जोडतो. डाळी, धान्य 25 किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकिटात घेतलं तर त्यावर जुलै 2022 पासून 5 टक्के जीएसटी लागला, सुट्या धान्यावर नाही. रविवार कारंजाच्या बाजूच्या जुन्या दुकानांतून सुटं घ्यायला हरकत नाही. फक्त डाळ मुठीत घेऊन बघ, कीड-खडे दिसले तर सुटं स्वस्त पडत नाही.

दूध आणि तूप कापू नकोस. मिसळही खा, रविवारी मित्रांबरोबर खा, पण ती हिशोबात आधीच धरून ठेव. लपवून खाल्लेली मिसळ महिनाअखेरीस ताण देते.

पुढच्या महिन्याचा हिशोब पाठवशील तेव्हा बाहेरून मागवलेल्या प्रत्येक जेवणासमोर वार लिही. माझा अंदाज, गुरुवार-शुक्रवार जास्त निघतील, रविवारचं वाटण तोवर संपतं म्हणून. तसं असेल तर बुधवारी अर्ध्या तासाचं काम वाढवावं लागेल, नाहीतर वाटण दीडपट करावं लागेल. काय ते आकडे बघून ठरवू.

तुझी मावशी