नव्या कॅमशाफ्टचा लोब झिजला असेल, तर आधी टॅपेट तपासा

इंजिन नव्याने बांधून काही तास चालते न चालते तोच एका सिलिंडरवर टकटक सुरू झाली, व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि तो दाबणाऱ्या रॉकर या तरफेतील फट) जुळवला तरी तो पुन्हा वाढतो आणि मेकॅनिक 'जुन्या गाडीत एवढे चालायचेच' म्हणतो, हे तुमचे वर्णन वाचताना मला माझेच इंजिन आठवले. क्लिअरन्स कमी होत गेला असता, तर बिनशिशाच्या पेट्रोलमुळे व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह जिच्यावर टेकतो ती कडा) खचत असल्याचा संशय घेता आला असता. तो वाढतो आहे आणि रॉकरचा स्क्रू सैल नाही, तेव्हा लोब (कॅमशाफ्टवरचा, व्हॉल्व्ह उघडणारा उंचवटा) आणि टॅपेट (लोबवर टेकून ती उचल पुढे पोहोचवणारा दंडगोल भाग) एकमेकांना खात आहेत असे मी धरून चालेन. मी व्यवसायाने मेकॅनिक नाही आणि तुमचे इंजिन पाहिलेलेही नाही, हे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

इंजिन आता पुन्हा चालू करू नका. रॉकर उतरवून पुशरॉडच्या (टॅपेटची उचल रॉकरपर्यंत नेणाऱ्या दांडीच्या) टोकावर डायल गेज (सूक्ष्म हालचाल दाखवणारे काट्याचे मापक) लावा आणि प्रत्येक लोबची उचल मोजा. मग टॅपेट बाहेर काढून त्यांचे तळ पाहा. टॅपेट थेट लोबवर घासणाऱ्या या रचनेत लोबला किंचित उतार आणि टॅपेटच्या तळाला अगदी सूक्ष्म फुगवटा दिलेला असतो, तो टॅपेट स्वतःभोवती फिरत राहावा म्हणूनच. फिरणाऱ्या टॅपेटवर गोलाकार खुणा उमटतात. न फिरणाऱ्यावर एकच सरळ पट्टा पडतो आणि लोब तिथेच घासून जातो. दोन कोरे टॅपेट तळाला तळ लावून धरले, तर ते किंचित डोलले पाहिजेत. माझ्या संचातले डोलत नव्हते, कारण त्यांचे तळ सपाट होते.

मला सर्वांत महाग पडला तो सुटे भाग विकणारा पुरवठादार, ज्याचे नाव मी घेणार नाही. त्याने हमीच्या तपासणीसाठी सगळे टॅपेट आणि कॅमशाफ्ट मागवून घेतले, दीर्घकाळ मौन पाळले आणि शेवटी चुकीचे तेल वापरल्याचे एका ओळीत कळवले. झिंक-फॉस्फरसयुक्त झिजरोधक घटक कमी असलेले तेल अशा इंजिनला घातक ठरू शकते, हे खरेच आहे; पण २०१० मध्ये आलेल्या एपीआय एसएन (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने ठरवलेल्या तेलाच्या दर्जाच्या) श्रेणीतील फॉस्फरसची ०.०८ टक्क्यांची कमाल मर्यादा ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ तेलांसाठी आहे. माझे तेल त्याहून घट्ट, २०डब्ल्यू-५० होते, आणि त्याच्या बिलासोबत उत्पादकाचे माहितीपत्रकही मी जोडले होते. टॅपेटच्या तळाचे माप किंवा काठिण्य यांविषयी उत्तरात एक अक्षर नव्हते, आणि भाग परत मागितले तेव्हा ते 'नियमानुसार' भंगारात काढल्याचे सांगण्यात आले. हमीतून नवे भाग मिळाले असते, तरी इंजिन पुन्हा उघडण्याची मजुरी तिच्यात बसत नव्हतीच. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, मोजमापे आणि छायाचित्रे झाल्याशिवाय एकही भाग हातातून सोडू नये, निदान एक झिजलेला आणि एक कोरा टॅपेट स्वतःकडे ठेवावा आणि शक्य असल्यास काठिण्याची चाचणी त्रयस्थ प्रयोगशाळेतून करून घ्यावी. त्या चाचणीचा व्रण भागावर राहतो, त्यामुळे ती कोऱ्या टॅपेटवर करणे बरे.

केवळ कॅमशाफ्ट बदलून इंजिन बंद करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नका. झिजलेले लोखंड तेलात गेलेले असते; ऑइल पंप फिल्टरच्या अलीकडे असल्याने तो पहिला ओरखडला जातो, आणि थंड घट्ट तेलामुळे बायपास व्हॉल्व्ह (फिल्टर टाळून तेल पुढे सोडणारी झडप) उघडला की तेच कण न गाळता बेअरिंगपर्यंत पोहोचतात. फिल्टर कापून त्याच्या घड्यांवर चुंबक फिरवा, म्हणजे किती लोखंड फिरले याचा अंदाज येईल. गॅलरीचे (इंजिनातील तेलाच्या वाहिन्यांचे) प्लग काढून सगळे मार्ग धुतले नाहीत, तर नवा कॅमशाफ्टही त्याच तेलात बसेल. याबाबत मी थोडा कर्मठ आहे, हे मान्य.

पुन्हा जोडताना नव्या कॅमशाफ्टवर जुने टॅपेट अजिबात नकोत. प्रत्येक टॅपेट आपल्या वजनाने भोकात उतरतो का हे पाहा. पहिली २० मिनिटे इंजिन मिनिटाला सुमारे २,००० फेऱ्यांच्या वर ठेवतात, कारण बहुतेक इंजिनांत लोबला तेल मिळते ते मुख्यतः क्रँकच्या शिंतोड्यांतून, आणि आयडलला (इंजिन संथ फिरत असताना) ते पुरत नाही. व्हॉल्व्हच्या स्प्रिंग दुहेरी असतील, तर तेवढ्यापुरती आतली काढून ठेवण्याची पद्धतही चांगली आहे, मात्र ती तुमच्या इंजिनला चालते का हे कॅमशाफ्ट बनवणाऱ्याच्या सूचनेत पाहावे. आणि हे सगळे करण्याआधी, हेड बसवण्यापूर्वीच, टॅपेटच्या माथ्यावर खूण करून क्रँक हाताने फिरवा. एखादी खूण जागची हलली नाही, तर तिथेच थांबून तो टॅपेट बदला.