बाबांना अटेंडंटच्या भरवशावर ठेवून जाण्याआधी

तुम्ही लिहिलंय की जानेवारीत नवऱ्याच्या नोकरीसाठी मँचेस्टरला जाताय. बाबा ७६ वर्षांचे, त्यांना पार्किन्सन. आई ७१, गुडघे गेलेले. घर नागपुरात, मनीषनगरला. घरी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून बाबांसाठी अटेंडंट ठेवायचं ठरतंय, आणि चांगला ब्युरो ओळखायचा कसा, हे सगळं कितपत सुरक्षित आहे, असं तुम्ही विचारलंय. मी लीड्सला राहते, माझी आई प्रतापनगरला. तिला अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून आमच्या घरात ब्युरोच्या बाया आहेत. तुमचा प्रश्न वाचून लगेच काही लिहिता आलं नाही. व्हिसा, आरोग्य अधिभार, मुलाची शाळा हे सगळं सरकारी साइटवर आहे, त्यात मी पडत नाही.

आधी इथलं सांगते, म्हणजे तिथे काय नाही ते कळेल. इंग्लंडमध्ये घरी येऊन अंघोळ घालणं, कपडे बदलणं, भरवणं असं अंगावरचं काम करणारी सेवा चालवायची तर केअर क्वालिटी कमिशनकडे नोंदणी लागते. कमिशन तपासणी करतं, शेरा देतं आणि अहवाल कोणालाही वाचता येतो. आई पडून होती त्या काळात मी रात्री ते अहवाल वाचत बसायचे. तिचा त्यांच्याशी काडीचा संबंध नव्हता, तरी वाचायचे. तक्रारी फिरून फिरून त्याच: माणूस वेळेवर आलं नाही, दर आठवड्याला नवा चेहरा, औषध दिलं पण लिहिलं नाही, कामावर घेताना आधीच्या ठिकाणी चौकशीच केली नाही. नागपुरातल्या ब्युरोच्या दारावर तुम्हाला असा शेरा लावलेला दिसणार नाही, पण हेच प्रश्न तिथे विचारता येतात. मी विचारले. काहींनी फोन ठेवून दिला, आणि त्या फोन ठेवण्यातूनही बरंच कळलं.

ब्युरोला आधी विचारा की महिन्याच्या पैशातले किती त्या माणसाच्या हातात पडतात. हा आगाऊपणा वाटेल, तरी विचाराच. अर्धेअधिक ब्युरोच्या कमिशनमध्ये जात असतील तर तो मुलगा दुसरं काम मिळाल्याबरोबर सोडणार, आणि तुमच्या बाबांना पुन्हा नवा माणूस सवयीचा करून घ्यावा लागणार. दुसरं, बदलीला कोण येणार आणि त्याला बाबांची माहिती कोण देणार? पाठवतो ना कोणाला तरी, हे उत्तर चालवून घेऊ नका. आपल्याकडे हे काम करणारी पुष्कळ माणसं भंडारा, गोंदिया, बालाघाटकडची असतात. जुलैत धानाची रोवणी आली की घरी जातात, पोळ्याला जातात, लग्नसराईत जातात. त्यांनी जायलाच हवं. पण मग त्या आठवड्यात बाबांपाशी कोण, हे जूनमध्येच ठरलेलं असलं पाहिजे.

आधार कार्डाची झेरॉक्स म्हणजे पडताळणी नव्हे. जवळच्या ठाण्यात पोलीस व्हेरिफिकेशन करून घ्या आणि आधीच्या दोन घरांशी स्वतः फोनवर बोला. त्या घरी 'कसा होता?' असं विचारलंत तर चांगला होता एवढंच ऐकायला मिळेल. का सोडलं, शेवटचे पंधरा दिवस कसे गेले, असं विचारा. आणि आपल्याकडे पांढरा कोट घातलेल्या प्रत्येकीला सिस्टर म्हणतात, तिथे फसू नका. नाकातून नळी, लघवीची नळी, इंजेक्शन असलं काही असेल तर नर्सिंगचा जीएनएम किंवा एएनएम कोर्स झालेली, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असलेलीच हवी. तुमच्या बाबांना सध्या तशी गरज दिसत नाही. त्यांना शांत आणि वेळ पाळणारा माणूस हवा.

'चोवीस तासांचा माणूस' हा प्रकार मात्र नीट समजून घ्या. तो झोपणार कधी? दिवसभर राबून रात्री तीनदा उठणारा माणूस चौथ्यांदा उठत नाही, आणि पार्किन्सनचा पेशंट नेमका त्या चौथ्या वेळी एकटा बाथरूमकडे निघतो. पैसे कमी असतील तर दिवसाचा माणूस अर्धवेळ ठेवा, पण रात्रीसाठी वेगळा ठेवा. त्याला झोपायला धड जागा, पंखा, वेळेवर जेवण आणि आठवड्याची सुट्टी द्या. आमच्या नात्यात एका घरी बाईला स्वयंपाकघरात फरशीवर झोपवायचे आणि वर 'टिकत नाहीत हो बाया' म्हणायचे. मला ते ऐकवत नाही.

आता तपासायचं कसं ते सांगते. मुलाखत घेऊ नका, काम करायला लावा. आईसाठी एक बाई आली, बोलायला फार गोड. मी तिला म्हटलं, आईला पलंगावरून व्हीलचेअरवर घ्या. तिनं आईचा लुळा हात धरून ओढला. अर्धांगात त्या बाजूचा खांदा सैल झालेला असतो, ओढला की निखळतो, जन्माचं दुखणं लागतं. दुसरी आली ती फारशी बोलली नाही. तिनं खुर्ची आईच्या चांगल्या बाजूला आणून लावली, ब्रेक पायानं दाबून पाहिले, पायदानं वर केली. आईच्या पायात चप्पल घातली. 'आजी, आता आपण उभ्या होऊन राहिलो, घाई नाही' म्हणाली, कमरेला धरलं आणि आईचे गुडघे स्वतःच्या गुडघ्यांनी अडवले. त्या क्षणी मी ठरवलं. तिच्याकडे सर्टिफिकेट नव्हतं, मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, आपल्या सासऱ्यांपाशी बसून ती शिकली होती.

तुमच्या बाबांसाठी वेगळी परीक्षा आहे. चालता चालता दारात पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबले तर तो मुलगा काय करतो ते बघा. पुढे ओढत असेल तर नको. थांबू देणं, अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर घ्यायला लावणं, एक-दोन म्हणत पाऊल टाकायला लावणं, हे त्याला जमलं पाहिजे किंवा शिकायची तयारी हवी. झोपेतून उठवल्यावर काही वेळ पलंगाच्या कडेला बसवतो का? उठताक्षणी बीपी उतरतं आणि माणूस कोसळतो. घास भरवताना ताठ बसवतो का, तोंडात घास असताना बोलायला लावतो का? आणि सगळ्यात मोठं म्हणजे गोळ्यांच्या वेळा. पार्किन्सनच्या मुख्य औषधाची, लेव्होडोपाची गोळी आठची असेल तर आठलाच. साडेनऊला दिली तर मधला दीड तास बाबा दगड होऊन बसतील. कोणी 'आज बरे आहेत, नको द्यायला' म्हणून गोळी एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं. वरण, दूध, अंडं यांतली प्रथिनं या गोळीच्या आड येतात, म्हणून जेवणाशी अंतर किती ठेवायचं ते न्यूरोलॉजिस्टना विचारून घ्या. उलटीवर सर्रास देतात ते मेटोक्लोप्रमाइड पार्किन्सनमध्ये चालत नाही. हे मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा, कारण रात्री उलट्या झाल्या तर शेजारचे जवळच्या दवाखान्यात नेतील आणि तिथल्या डॉक्टरांना बाबांची फाइल माहीत नसेल.

नागपूरचा मे महिना तुम्हाला मी काय सांगणार. पण अटेंडंटला सांगावं लागतं. म्हाताऱ्या माणसाला तहान लागत नाही, पाणी मोजून द्यावं लागतं. आणि कूलरमध्ये पाणी भरायच्या आधी तो बंद करून प्लग काढायचा. दर उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरचा शॉक लागून माणसं जातात.

घरात एक जाड वही ठेवा. वेळ, गोळी, पाणी, लघवी, संडास, सही. वही भरलेली आहे की नाही एवढंच बघू नका, कशी भरली आहे ते बघा. सकाळपासूनच्या सगळ्या नोंदी एकाच पेनानं, एकाच हातानं, एकाच तिरकेपणात असतील तर त्या संध्याकाळी बसून लिहिल्या आहेत. खरी वही घाणेरडी असते. तिच्यावर चहाचे डाग असतात, दोन रंगांच्या शाया असतात, '१०.२० ला दिली, आजी झोपली होती' असं काही तरी असतं. सोबत गोळ्यांच्या पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजायच्या.

आता हे बघायला कोण जाणार? तुमच्या पूर्ण पत्रात हे कुठेच नव्हतं, आणि माझ्या मते सगळं यावरच आहे. ब्युरो शोधायच्या आधी तो माणूस शोधा. न सांगता, वेगवेगळ्या वेळी घरात शिरणारा, किल्ली असलेला, ज्याला बाबांच्या टाचा उघडून बघायला संकोच वाटणार नाही असा. माझी मावसबहीण खामल्याला राहते. ती येते तेव्हा आईची टाच आणि माकडहाडाची जागा बघते. तिथे दाबूनही लाली जात नसेल तर कूस बदलली जात नाहीये. जीभ बघते, नखं बघते, खोलीचा वास घेते. दंडावर बोटांचे वळ आहेत का बघते. आई भर दुपारी उठवूनही उठत नसेल तर कोणी झोपेची गोळी दिली का ते विचारते. तिला मी दर महिन्याला पैसे देते. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ती रागावली, 'मावशीचे पैसे घेऊ का मी?' म्हणाली. पण तिचाही पेट्रोलचा खर्च आहे, घर आहे, सासूबाई आहेत. नात्यावर किती वजन टाकायचं यालाही मर्यादा आहे, आणि तिथे राहणारी बहीण आपोआप करेल हे परदेशी गेलेल्यांचं गृहीत धरणं मला आता सहन होत नाही. तुमच्या आईंवरही हे टाकू नका. त्या घरात आहेत म्हणजे त्या लक्ष ठेवतील असं नाही. अटेंडंट सोडून गेला तर, या भीतीनं घरातलं माणूस गप्प बसतं.

कॅमेरा लावा, पण हॉलमध्ये आणि दारापाशी, अटेंडंटला सांगून. झोपायच्या खोलीत आमच्याकडेही होता, मी काढायला लावला. आईचं डायपर बदलताना लीड्सच्या बसमध्ये फोनवर दिसावं, हे तिला विचारलं असतं तर तिनं कधी हो म्हटलं नसतं.

पैशांचं आताच लावून टाका. बाबांचं खातं आईंसोबत 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कोणालाही चालवता येईल असं, करून घ्या, एटीएमचा पिन अटेंडंटला कधीच देऊ नका. आमच्या बँकेत उजवा हात गेलेल्या आईला 'घेऊन या, सही लागेल' असं सांगत राहिले. खरं तर आजारी, अंथरुणाला खिळलेल्या खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा अधिकारी, असा चालतो; रिझर्व्ह बँकेचीच तशी सूचना आहे. काउंटरवर हे मला कोणी सांगितलं नाही. अजून आठवलं की हात थरथरतात माझे. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला घरून देता येतो, तेही तुम्ही तिथे असतानाच एकदा करून बघा.

आता एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण पुढे विचारालच: नंतर बाबांना इकडे आणता येईल का. २०१२ पासूनचा नियम असा आहे की तुम्हाला इथे कायम राहायची परवानगी मिळाल्यावर अर्ज करता येतो, आणि त्यात दाखवावं लागतं की आईवडिलांना लागणारी रोजची काळजी त्यांच्या देशात, तुम्ही पैसे पाठवूनही, मिळतच नाही किंवा परवडत नाही. मी वकिलाकडे गेले होते. त्यानं सगळे कागद वाचले, मावसबहिणीचं नाव वाचलं, वहीचे फोटो बघितले आणि म्हणाला, तुमच्या आईची तिथे उत्तम व्यवस्था आहे. मी अर्ज केला नाही. मी इतक्या कष्टानं उभं केलेलं सगळं, तेच आईच्या येण्याच्या आड आलं. ते वाईट चाललंय असं लिहून देणं मला शक्य नव्हतं, कारण ती बाई खरोखर चांगली आहे. आजही मला कळत नाही की या गोष्टीचं मी काय करू.

एकटेपणाबद्दल विचारलंत. येतो. मुलाची शाळा, नोकरी, थंडी यांत दिवस जातात. त्यापेक्षा वेगळंच काही तरी मला छळतं. माझ्या आईच्या पाठीवर कुठे तीळ आहे, तिला कोणत्या कुशीवर झोप लागते, हे आता त्या बाईला माहीत आहे. व्हिडिओ कॉलवर आई काही बोलायचा प्रयत्न करते आणि मला शब्द लागत नाही, तेव्हा ती बाई मागून सांगते, 'ताई, त्या पंखा म्हणून राहिल्या.' मला तिचा राग येतो. तिच्या पगारात मी दर दिवाळीला वाढ करते आणि तरी राग येतो. तुम्हालाही येईल. तो त्या माणसावर निघू देऊ नका, त्याला तुमच्या घरात टिकायचं आहे.

डिसेंबरात, तुम्ही नागपुरात असतानाच अटेंडंट सुरू करा आणि मधेच दोन रात्री घर सोडून वर्ध्याला किंवा कुठेही जाऊन राहा, फोन न करता. परत आल्यावर आधी वही बघा, गोळ्या मोजा, मग बाबांना एकट्यात विचारा. न्यूरोलॉजिस्टकडून गोळ्यांच्या वेळा मराठीत टाइप करून घ्या, त्यांच्या अक्षरात नको. आमच्या वहीचं पान हवं असेल तर कळवा, फोटो पाठवते.